रंगभूमीवरील जादूगार व पडद्यावरील चोरी

जादूचा खेळ आवडत नाहीं असा मनुष्य विरळा. रिकाम्या टोपींतून कबूतर निघतें, फाटलेली नोट अखंड होते, प्रेक्षकाच्या बोटांतील अंगठी लिंबाच्या पोटांत सांपडते. आणि आपण फसलों हें कळत असूनहि आपणांस राग येत नाहीं, उलट टाळ्या वाजविण्यास आपलेच हात पुढें होतात. चोरी व तिचा तपास यांच्या गोष्टीचेंहि असेंच आहे. ती वाचतांना रात्र केव्हां सरली हें कळत नाहीं. या दोन गोष्टी कोणी एकत्र केल्या, म्हणजे जादूगारांनींच चोरी केली व पोलिसांना जादूच्या खेळाचा तपास करण्याची पाळी आली, तर काय होईल? 'नाऊ यू सी मी' हा इंग्रजी बोलपट या कल्पनेवर उभारलेला आहे. लुई लेतेरिए या फ्रेंच दिग्दर्शकानें तो तयार केला व सन २०१३ मध्यें तो प्रथम लोकांपुढें आला. त्याचा दुसरा भाग २०१६ मध्यें व तिसरा २०२५ मध्यें निघाला. या लेखांत विचार करावयाचा आहे तो पहिल्या भागाचा.

हा बोलपट पाहून उठलेलीं मुलें बहुधा दोन प्रश्न विचारतात. एक, 'त्यांनीं तें केलें कसें?' आणि दुसरा, 'त्यांनीं केलें त्यांत वाईट काय?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर पदार्थविज्ञानाचें व मनोव्यापारांचें आहे. दुसऱ्याचें सदसद्विवेकाचें आहे. पहिलें नीट समजल्यावांचून दुसरें नीट देतां येत नाहीं, म्हणून दोहोंचा विचार क्रमानें करूं. मात्र गोष्टीचा शेवट सांगितल्याशिवाय हें विवेचन पुरें होणार नाहीं. ज्यांस तो आधीं कळूं नये असें वाटत असेल, त्यांनीं बोलपट पाहून मग हा लेख वाचावा.

कथानक थोडक्यांत असें. अमेरिकेंत निरनिराळ्या ठिकाणीं खेळ करणारे चार जादूगार आहेत. डॅनिएल ॲटलस हा पत्त्यांच्या खेळांत प्रवीण. मेरिट मॅकिनी हा संमोहनविद्येचा जाणकार, पण त्या विद्येच्या बळावर लोकांचीं गुपितें काढून त्यांजकडून पैसे उकळणारा. हेनली रीव्ह्ज ही साखळदंडांतून व पाण्याच्या टाकींतून सुटून दाखविणारी स्त्री. आणि जॅक वाइल्डर हा तरुण खिसेकापू. कोणी एक अज्ञात इसम या चौघांस एकेक पत्ता पाठवून न्यूयॉर्क शहरांतील एका रिकाम्या घरीं बोलावितो. त्यानंतर एका वर्षानें हे चौघे 'चार घोडेस्वार' या नांवानें लास व्हेगास येथील भव्य रंगमंचावर उभे असतात. ज्यांनीं प्रकटीकरणाचा सहावा अध्याय वाचला आहे, त्यांस हें नांव ऐकतांच जगावर संकटें घेऊन येणारे चार घोडेस्वार आठवतील. हेहि संकट म्हणूनच येतात, पण तें ठराविक लोकांवर.

त्या रात्रीं ते जाहीर करतात कीं, आज आपण एक बँक लुटणार. प्रेक्षकांतून चिठ्ठ्या काढून एक गृहस्थ निवडला जातो. तो फ्रेंच निघतो व त्याचें खातें पॅरिसमधील एका बँकेंत असतें. त्याच्या डोक्यावर एक शिरस्त्राण चढवून त्यास एका यंत्रांत उभा करतात, आणि पाहतां पाहतां तो हजारों मैलांवरील आपल्या बँकेच्या तिजोरींत जाऊन उभा राहतो! तेथील नोटा वर खेंचल्या जातात व लास व्हेगासच्या प्रेक्षकांवर बत्तीस लक्ष युरोंचा पाऊस पडतो. इकडे पॅरिसमध्यें तिजोरी उघडून पाहतात, तों नोटा खरोखरच नाहींशा झालेल्या.

अमेरिकेच्या संघीय तपास खात्याचा अधिकारी डिलन ऱ्होड्स व इंटरपोलची अधिकारी अल्मा ड्रे यांजकडे तपास सोंपविला जातो. चौघांस पकडतात खरे, पण अडकवून कसें ठेवणार? हजारों माणसांसमक्ष ते लास व्हेगासमध्यें उभे होते. त्यांनीं त्याच क्षणीं पॅरिसला चोरी केली असें न्यायालयांत म्हणावयाचें, तर जादू खरी असते हें सरकारनें आधीं मान्य केलें पाहिजे! अर्थात् चौघे सुटतात, व अधिकारी हात चोळीत बसतात.

आतां या खेळाची उकल पाहूं. ती बोलपटांतच थॅडियस ब्रॅडली या पात्राच्या तोंडून होते. ही भूमिका मॉर्गन फ्रीमन या विख्यात नटानें केली आहे. ब्रॅडली पूर्वीं स्वतः जादूगार होता. आतां तो इतर जादूगारांचीं रहस्यें उघडीं करून त्यावर पैसा मिळवितो. तो दाखवून देतो कीं, त्या रात्रीं पॅरिसला कोणी गेलेंच नव्हतें. रंगमंचाच्या खालीं त्या तिजोरीची हुबेहूब प्रतिकृति बांधलेली होती व यंत्राच्या तळाचें दार उघडून तो गृहस्थ तींत पडला. खऱ्या नोटा तर त्यापूर्वींच, बँकेकडे नेल्या जात असतांना, वाटेंत लांबविलेल्या होत्या व त्यांच्या जागीं खोट्या नोटांचे गठ्ठे ठेवलेले होते. हे गठ्ठे एका विशेष कागदाचे होते. ठरल्या वेळीं ते भडकून नाहींसे झाले. प्रेक्षकांवर ज्या नोटा पडल्या त्या पूर्वीं चोरून आणलेल्याच.

असा कागद केवळ कल्पनेंतला नव्हे. कागद मुख्यतः सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचा असतो. त्यावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणाची क्रिया झाली म्हणजे नायट्रोसेल्युलोज तयार होतें. त्याच्या घटनेंतच प्राणवायु असल्यामुळें तें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जळून जातें व मागें राख जवळजवळ राहत नाहीं. आरंभींच्या काळांतील चित्रपटांच्या फिती याच जातीच्या द्रव्याच्या असत, व म्हणूनच त्या काळीं चित्रपटगृहांस भयंकर आगी लागत. जादूगार हा कागद बाळगतात तो पूर्ण सावधगिरीनें. विद्यार्थ्यांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

या उकलींत जादूच्या कलेचे तीन मूळ नियम सांपडतात. पहिला नियम असा कीं, खेळ आतां सुरू झाला असें जेव्हां प्रेक्षकांस वाटतें, तेव्हां खरें काम बहुधा संपलेलें असतें. 'आज आम्ही बँक लुटणार' हे शब्द उच्चारले जाण्यापूर्वींच बँकेचा पैसा गेलेला होता. पुढील सगळा थाट, तें यंत्र, तें शिरस्त्राण, ती आतषबाजी, हें सर्व कालच्या गोष्टीस आजची वेळ चिकटविण्यासाठीं होतें. तपास करणारे मात्र त्या एका रात्रीभोंवतींच घिरट्या घालीत राहतात.

दुसरा नियम निवडीचा. प्रेक्षकास निवडीची मोकळीक आहे असें भासवावयाचें, पण निवड व्हावयाची ती आपण ठरविलेलीच. तो फ्रेंच गृहस्थ दैववशात् निवडला गेला असें सर्वांस वाटलें. वस्तुतः तो आधींच हेरून ठेवलेला होता. त्याच्या मनावर हळूहळू असा परिणाम केला होता कीं, आपण लास व्हेगासला स्वेच्छेनें आलों अशीच त्याची समजूत झाली. बोलपटाच्या आरंभींचा पत्त्यांचा खेळहि याच नियमावर रचलेला आहे. ॲटलस पत्त्यांचा जोड हातांत धरून झरझर पानें सोडतो व एका बाईस त्यांतील कोणतेंहि एक मनांत धरण्यास सांगतो. ती चौकटची सत्ती धरते. आणि शिकागो शहरांतील एका उत्तुंग इमारतीच्या खिडक्यांतील दिव्यांनीं तीच सत्ती रात्रीच्या अंधारांत प्रकट होते. मौज ही कीं, बोलपट पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांनींहि मनांत चौकटची सत्तीच धरलेली असते! याचें कारण साधें आहे. इतर पानें डोळ्यांपुढून इतक्या वेगानें जातात कीं, तीं ओळखतां येत नाहींत. तें एक पान मात्र निमिषभर अधिक थांबतें. आपण तें निवडलें नाहीं. तें आपल्या गळ्यांत बांधलें गेलें, आणि तरीहि तें आपण निवडलें असें आपण शपथेवर सांगूं.

तिसरा नियम अवधानाचा. डोळे उघडे असले म्हणजे दिसतेंच असें नाहीं. मनाचें अवधान हें अंधाऱ्या अंगणांत फिरविलेल्या विजेरीच्या झोतासारखें आहे. तो जेथें पडतो तेवढाच भाग उजळतो. जादूगार उजवा हात उंच करतो, स्वतः त्याकडे पाहतो, कांहीं विनोद करतो. आपणहि त्या हाताकडेच पाहतों. आणि तेवढ्यांत डावा हात आपलें काम उरकून घेतो. मोठी हालचाल लहान हालचालीस झांकून टाकते. हें केवळ जादूगारांचें म्हणणें नव्हे. डॅनिएल सायमन्स व ख्रिस्तोफर शब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनीं १९९९ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकीत आहेत असें चित्रण प्रेक्षकांस दाखविलें व पांढरे सदरे घातलेल्या खेळाडूंनीं चेंडू किती वेळां टाकला तें मोजण्यास सांगितलें. मध्यंतरीं गोरिला वानराचा वेष घेतलेलें एक माणूस खेळाडूंच्या मधोमध आलें, छाती बडवून निघून गेलें. चेंडू मोजण्यांत गुंतलेल्या प्रेक्षकांपैकीं सुमारें निम्म्यांस तें दिसलेंच नाहीं! हे लोक मूर्ख नव्हते, आंधळेहि नव्हते. उलट सांगितलेलें काम ते मन लावून करीत होते. जो मन लावून एकीकडे पाहतो, तोच दुसरीकडे अधिक सहज फसतो.

या तीन नियमांच्या मदतीस एक जुनें साधन येतें, तें म्हणजे आरसा. लंडन येथें १८६५ मध्यें स्टोडेअर नांवाच्या जादूगारानें एका तिपाईवर ठेवलेल्या पेटींत बोलणारें मस्तक दाखवून लोकांस थक्क केलें होतें. तिपाईच्या पायांमध्यें तिरपे बसविलेले आरसे होते. त्यांत बाजूच्या भिंतींचें प्रतिबिंब पडे, तें प्रेक्षकांस मागील भिंतच वाटे, आणि तिपाईखालीं बसलेला मनुष्य आरशांआड दडून राही. 'नाऊ यू सी मी' मध्यें अखेरची चोरी न्यूयॉर्क येथें एका मोठ्या तिजोरीची होते, आणि तेथेंहि हेंच तत्त्व वापरलें आहे. तिजोरी जागची हललेलीच नसते. आरशामुळें खोली रिकामी दिसते. पोलीस ज्या तिजोरीमागें जिवाच्या आकांतानें धांवतात, ती उघडल्यावर आंतून निघतात ते फुग्यांचे प्राणी!

येथवर जादूगारांनीं पोलिसांस कसें फसविलें तें पाहिलें. पण दिग्दर्शकानें आपणांस फसविलें तें याहून मोठें आहे. सर्व गोष्ट आपण डिलन ऱ्होड्सच्या बाजूनें पाहतों. तो चिडतो, धांवतो, चुकतो. त्याची आपणांस कींव येते. आणि शेवटीं कळतें कीं, त्या चौघांस एकत्र आणणारा अज्ञात इसम तोच! लायनेल श्राइक नांवाचा जादूगार पूर्वीं तिजोरींत बंद होऊन नदींत उतरला व बाहेर येऊं न शकल्यामुळें मेला. डिलन हा त्याचा मुलगा. ज्या ब्रॅडलीनें श्राइकची सार्वजनिक फजिती केली, ज्या कंपनीनें हलक्या प्रतीची तिजोरी बनविली, ज्या विमा कंपनीनें विधवेस पैसे नाकारले व ज्या बँकेचा त्यांत संबंध होता, त्या सर्वांचा सूड त्यानें घेतला. चोरी कोठें झाली व कशी झाली एवढेंच आपण पाहत होतों. चोर पकडणारा कोण आहे तें पाहण्याचें आपणांस सुचलेंच नाहीं. चेंडू मोजतां मोजतां वानर निघून गेलें, तसेंच हें झालें.

चित्रपट व जादू यांचें नातें असें जवळचें असावें यांत नवल नाहीं, कारण तीं दोन्ही एकाच घरांत वाढलीं आहेत. पॅरिसचे झॉर्झ मेलिएस हे मूळचे जादूगार. १८८८ मध्यें त्यांनीं रोबेर-उदँ नाट्यगृह विकत घेतलें व तेथें ते खेळ करीत. १८९५ मध्यें ल्यूमिएर बंधूंची हलतीं चित्रें पाहिल्यावर त्यांनीं चित्रपट काढण्यास आरंभ केला, आणि १८९६ मध्यें एक बाई खुर्चीवरून नाहींशी होते असें दाखविलें. रंगमंचावर यासाठीं चोरदार लागे. पडद्यावर मात्र यंत्र थांबवावयाचें, बाईस बाजूस सारावयाचें व यंत्र पुन्हां चालू करावयाचें, एवढ्यानें काम भागलें. आपल्याकडेहि हेंच घडलें. ज्यांनीं १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणला, ते त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके हातचलाखीचे खेळ शिकले होते, व आपलें आडनांव उलट करून 'प्रोफेसर केळफा' या नांवानें ते खेळ करीत. येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहून त्यांस आपल्या देशांत चित्रपट काढण्याची स्फूर्ति झाली, हें सुप्रसिद्ध आहे. तो निश्चय तडीस नेतांना जादूगाराचा हात त्यांच्या उपयोगीं पडला.

परंतु या जवळिकीमुळेंच एक भेद विसरतां कामा नये. रंगमंचावरील जादूगारास आपल्या डोळ्यांदेखत, एका दमांत, कांहींहि न कापतां न जोडतां काम करावें लागतें. चित्रपटांत जें हातानें होत नाहीं तें यंत्रानें भरून काढतां येतें. या बोलपटासाठीं डेव्हिड क्वाँग या जादूगाराचा सल्ला घेतला होता व कांहीं हातचलाखी नटांनीं खरोखर शिकून केली. तथापि ज्या झटपट रीतीनें मेरिट लोकांस संमोहित करतो, तसें व्यवहारांत घडत नाहीं. पाण्याच्या टाकीचा प्रसंग तर विचार करण्याजोगा आहे. हेनलीचें काम करणारी इस्ला फिशर ही नटी साखळीनें बांधलेली पाण्यांत असतांना साखळी खरोखरच अडकली व ती सुटण्यासाठीं धडपडूं लागली. भोंवतालच्या मंडळीस तो उत्तम अभिनय वाटला! ती सुखरूप बाहेर आली व पुढें तिनेंच ही हकीकत सांगितली. खोट्यास खरें समजण्याची संवय लागली म्हणजे खऱ्यासहि खोटें समजण्याची वेळ येते.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. फसविणें हाच ज्याचा धंदा, त्या जादूगारास आपण सज्जन कां मानावें, व त्याच युक्त्या करणाऱ्या चोरास दुर्जन कां म्हणावें? याचें उत्तर एका शब्दांत सांगतां येतें: संमति. जादूगाराच्या दारीं आपण तिकीट काढून जातों तें फसण्यासाठींच. तो आपलें घड्याळ घेतो तें परत देण्यासाठीं. खेळ संपल्यावर आपण गेलों तसेच, किंबहुना थोडे अधिक आनंदी होऊन, घरीं येतों. चोर मात्र आपण ज्यास 'हो' म्हटलें नाहीं तें नेतो, आणि परत करीत नाहीं. युक्ति तीच, हात तेच. भेद तो येथें.

इतिहास पाहिला तर हा भेद जादूगारांनींच वेळोवेळीं सांभाळलेला दिसतो. इंग्लंडांत ज्या काळीं गोरगरीब म्हाताऱ्यांस चेटकिणी ठरवून मारीत असत, त्या काळीं, १५८४ मध्यें, रेजिनाल्ड स्कॉट यांनीं एक ग्रंथ लिहून हातचलाखीचे खेळ कसे केले जातात तें आकृत्यांसह समजावून दिलें. यांत सैतानाची करणी नसून मनुष्याच्या बोटांची करामत आहे, हें लोकांस कळावें हा त्यांचा हेतु. बुडापेस्ट येथें १८७४ मध्यें जन्मलेले व अमेरिकेंत वाढलेले हॅरी हुडिनी यांची कीर्ति बेड्या व कुलपें यांतून सुटण्याबद्दल आहे; पण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनीं एक दुसरेंच काम अंगावर घेतलें. मृतांचे आत्मे बोलावून देतों असें सांगून शोकाकुल आईबापांचे पैसे लुबाडणाऱ्या लोकांचीं ढोंगें त्यांनीं उघडीं पाडलीं. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांची त्यांच्याशीं मैत्री होती. डॉइल यांचा अशा आत्म्यांवर विश्वास असल्यामुळें ती तुटली, तरी हुडिनी यांनीं माघार घेतली नाहीं. १९२६ मध्यें ते वारले त्याच वर्षीं त्यांनीं अमेरिकन कायदेमंडळाच्या समितीपुढें याविषयीं साक्ष दिली होती.

याउलट उदाहरणहि आहे, आणि तें एका थोर कलावंताचें आहे. फ्रान्सचे रोबेर-उदँ यांजपाशीं एक पेटी होती. ती एकदां लहान मूल उचले, व क्षणांत बलदंड पुरुषासहि हलेनाशी होई. पेटीच्या बुडाशीं लोखंड व खालीं विद्युच्चुंबक, हें तिचें रहस्य. पॅरिसमध्यें ती करमणूक होती. १८५६ मध्यें फ्रेंच सरकारनें त्यांस अल्जीरियांत पाठविलें, आणि तेथें त्याच पेटीनें तेथील लोकांस असें भासविलें कीं, फ्रेंचांपाशीं मनुष्याचें बळ हरण करण्याची शक्ति आहे. पेटी तीच, पण पॅरिसचा प्रेक्षक फसण्यास राजी होता, अल्जीरियाचा नव्हता. एकास आनंद मिळाला, दुसऱ्यास धाक बसविला गेला.

ही कसोटी घेऊन बोलपटाकडे पाहूं. न्यू ऑर्लिन्स शहरीं होणारा चौघांचा दुसरा खेळ पाहतांना प्रेक्षकांची मनें त्यांच्या बाजूस झुकतात. २००५ च्या कॅटरिना वादळांत ज्यांचें सर्वस्व गेलें व ज्यांस विमा कंपनीनें पैसे नाकारले, असे लोक तेथें जमवून त्या कंपनीचा मालक ट्रेसलर याच्या खात्यांतील चौदा कोटी डॉलर ते त्यांच्या खात्यांत वळवितात. अन्याय खरा आहे व दुःखितांबद्दल वाटणारी कळकळहि खरी आहे. त्यांस त्यांचा पैसा मिळावयासच हवा होता. पण बोलपटाच्या शेवटीं काय दिसतें? ब्रॅडलीच्या मोटारींत चोरीच्या नोटा भरून ठेवल्या जातात व तो तुरुंगांत जातो. तो लोभी होता, गर्विष्ठ होता, त्यानें एका कलावंताची नाचक्की केली होती. परंतु ज्या चोरीसाठीं त्यास कोठडी मिळाली ती त्यानें केलेली नव्हती. आणि ज्याच्या हातीं कायदा सोंपविला होता, त्या अधिकाऱ्यानेंच हें घडवून आणलें. डिलन व ब्रॅडली गजांच्या दोन बाजूंस उभे राहतात तो प्रसंग पाहून पुष्कळजण टाळ्या वाजवितात. विद्यार्थ्यांनीं तेथें क्षणभर थांबून स्वतःस विचारावें: या टाळ्या न्यायासाठीं कीं सूडासाठीं? मोठी हालचाल लहान हालचालीस झांकते, हा नियम येथेंहि चालतो. गरिबांवर पडणारा पैशांचा पाऊस ही मोठी हालचाल; खोटा पुरावा रचून एका माणसास कोठडींत टाकणें ही त्याआडची.

ट्रेसलरच्या प्रसंगांत आणखी एक बारकावा आहे, व तो पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. त्याच्या खात्याचें रक्षण कांहीं गुप्त प्रश्नांनीं केलेलें होतें. त्यांचीं उत्तरें चौघांनीं फोडलीं नाहींत, चोरलीं नाहींत. त्यांनीं तीं त्याच्याच तोंडून काढलीं. विमानांत गप्पा मारतांना, आपण मनकवडे असल्याचा आव आणून, ते त्याच्या लहानपणच्या गोष्टी मुद्दाम चुकीच्या सांगूं लागले. आणि त्यांची चूक दाखविण्याच्या भरांत तो बरोबर उत्तरें देऊन बसला. आपण त्यांस हरवीत आहों असें त्यास वाटलें, त्याच वेळीं तो लुटला जात होता.

आज हाच खेळ आपल्या घराघरांत दूरध्वनीवरून चालला आहे, आणि त्याचें तिकीट कोणी काढलेलें नाहीं. कोणी पोलिसाचा गणवेष घालून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतो, तुमच्या नांवें गुन्हा नोंदला आहे असें सांगतो, कोणाशीं बोलूं नका, खोली सोडूं नका, पैसे ताबडतोब अमुक खात्यांत भरा असें बजावतो. यास 'डिजिटल अटक' म्हणतात. अशी अटक भारताच्या कायद्यांत मुळींच नाहीं. वर सांगितलेले तिन्ही नियम यांत आहेत. तुमची माहिती त्यानें आधींच मिळविलेली असते. तुम्ही स्वखुषीनें पैसे भरतां असें तो भासवितो. आणि भीतीच्या झोतांत तुमचें अवधान असें जखडतो कीं, शेजारच्या खोलींत बसलेल्या मुलास हांक मारावी हें शिकल्यासवरल्या माणसासहि सुचत नाहीं. घाई, भीति व गुप्तता या तीन गोष्टी जेथें एकत्र येतील, तेथें दूरध्वनी खालीं ठेवावा, घरांतल्या माणसास सर्व सांगावें, व पैसे गेले असतील तर विलंब न करतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. फसलेल्या वडीलमाणसास घरांत कोणी हंसूं नये. चेंडू मोजणारे मूर्ख नव्हते, हें आपण पाहिलेंच आहे. हंसण्याच्या भयानें लोक गप्प बसतात, व त्या मौनावरच चोराचा धंदा चालतो.

म्हणून माझें सांगणें असें कीं, हा बोलपट पाहावयाचा असल्यास तो आईवडिलांसमवेत दोनदां पाहावा. पहिल्यानें मौजेखातर, मनसोक्त फसण्यासाठीं. दुसऱ्यानें जादूगाराच्या उजव्या हाताकडे न पाहतां डाव्याकडे पाहण्यासाठीं, आणि ज्याचा संशय आला नव्हता त्या माणसाकडे पाहण्यासाठीं. दुसऱ्या वेळेस ज्या जागा सांपडतील त्या एका कागदावर लिहून ठेवाव्या व घरांतल्या मंडळींनीं त्यावर आपसांत चर्चा करावी. अशी संवय लागली म्हणजे खेळाचा आनंद कमी होत नाहीं, आणि खेळाबाहेर कोणी हात दाखवूं लागला तर तो वेळींच ओळखतां येतो.